सामान्य पूर्वजाचा शोध : गावदप्तर, वंशावळ आणि पुराव्याची शिस्त

सारांश

राजे, सरदार व वतनदार यांच्या घराण्यांचा इतिहास लिहिण्यास आवश्यक ती साधने मराठीत विपुल आहेत. सामान्य शेतकरी, बलुतेदार अथवा मजूर असलेल्या पूर्वजाचा शोध मात्र अशक्य मानला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील महसुली दप्तर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेची रजिस्टरे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या व मौखिक परंपरा यांच्या साहाय्याने असा शोध कसा घेता येतो, याचे विवेचन केले आहे. प्रत्येक नोंद कोणी, कोणत्या हेतूने केली हे समजल्याशिवाय ती पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि केवळ नावाच्या साम्यावरून व्यक्तीची ओळख सिद्ध होत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वंशावळ, गावदप्तर, फेरफार, गाव नमुना १४, मोडी लिपी, सूक्ष्म इतिहास.

१. प्रस्तावना

मराठीत घराण्याची हकीकत लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की वतनदार आपला करीना सादर करीत असे. त्यात मूळ पुरुष कोण, वतन कसे मिळाले, भाऊबंदांत वाटणी कशी झाली याची तपशीलवार हकीकत येई. पुढे विसाव्या शतकात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले. या दोन्ही प्रकारच्या लेखनामागे एक समान गोष्ट होती : सांगण्यासारखे, किंवा निदान भांडण्यासारखे, काहीतरी त्या घराण्याजवळ होते. ज्याच्याजवळ चार-सहा बिघे जमीन आणि बैलजोडी होती, किंवा तेवढेही नव्हते, त्याचा करीना कोणी लिहिला नाही.

अशा माणसाचा इतिहास लिहिता येतो काय? फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ यांनी हा प्रश्न एका प्रयोगाच्या रूपाने हाताळला. ओर्न जिल्ह्याच्या दप्तरातून त्यांनी जवळजवळ चिठ्ठी टाकावी तसे एक नाव निवडले. लुई-फ्रांस्वा पिनागो (१७९८–१८७६) हा लाकडी पादत्राणे करणारा एक अनाम कारागीर होता. त्याच्याविषयीचे कोर्बँ यांचे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पिनागोने स्वतः काहीच लिहून ठेवलेले नव्हते. तरीही निरनिराळ्या कारणांनी झालेल्या नोंदी एकत्र केल्यावर त्याच्याभोवतीचे जग उभे करता आले.

महाराष्ट्रात हा विषय आज केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी अर्जदाराला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्यातील प्रत्येक नाते कागदाने जोडून दाखवावे लागते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्या, शाळा, दुय्यम निबंधक कार्यालये, एवढेच नव्हे तर पोलीस व कारागृहे यांची जुनी दप्तरेही उघडण्यात आली. पणजोबांचे नाव एखाद्या जीर्ण पानावर सापडणे वा न सापडणे यावर विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून राहू लागला. अशा वेळी ही पाने कशी वाचावीत, याची शिस्त अध्यापकांनी व संशोधकांनी समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. घरापासून प्रारंभ

वंशशोधाचा पहिला नियम असा की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे स्वतःपासून मागे जावे. एखादा प्रसिद्ध पुरुष आपला पूर्वज असल्याचे गृहीत धरून तेथून खाली उतरत येणे ही शास्त्रीय पद्धत नव्हे.

घरातील पत्र्याच्या पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या, तगाईचे कागद, वाटणीपत्र किंवा खरेदीखत सापडू शकते. त्याहून महत्त्वाची असते ती वृद्धांची स्मृती. मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि देवघरातील टाक यांची माहिती प्रथम लिहून घ्यावी. भावकी निश्चित करण्यासाठी एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो : ‘आपल्याला कोणाकोणाचे सुतक येते?’ ज्यांच्याशी नेमके नाते सांगता येत नाही, अशा घरांचेही सुतक पाळले जात असेल, तर चार-पाच पिढ्यांपूर्वी एक पुरुष समान असावा असा अंदाज बांधता येतो. हा पुरावा नव्हे. पण पुरावा कोणत्या घरांच्या कागदांत शोधावा, हे त्यावरून कळते.

यानंतर शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. त्यात विद्यार्थ्याचे व वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख व दाखल झाल्याची तारीख मिळते. मात्र येथील जन्मतारखेवर विसंबता येत नाही. मुलाला शाळेत घालताना पालकाला जन्मतिथी सांगता आली नाही की गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख लिहीत. आपल्या आधीच्या पिढीतील असंख्य लोकांचा ‘वाढदिवस’ त्यामुळेच १ जूनला येतो. ही तारीख जन्माविषयी फारसे सांगत नाही. तो मुलगा शाळेत आला तेव्हा घरात जन्माची नोंद ठेवण्याची रीत नव्हती, एवढे मात्र ती निश्चित सांगते.

३. जमिनीचे दप्तर

शेतकरी पूर्वजाच्या शोधात जमीन हाच मुख्य धागा होय. माणसाचे नाव बदलते, आडनाव गळते किंवा नव्याने लागते. जमीन जागची हालत नाही.

आजचा सातबारा म्हणजे गाव नमुना ७ व १२. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांक गाव नमुना ६ मधील एका नोंदीकडे नेतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला आणि १९१३ च्या दुरुस्तीने तो जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाला. खातेदार मयत झाला की वारसाच्या वर्दीवरून नोंद होई व त्यात मुलांची, कधी विधवेची नावे येत. अशा तीन-चार नोंदी जोडल्या की सुमारे शंभर वर्षांची वंशावळ तयार होते. नावापुढील संक्षेपही बोलके असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, यावरून बाप मेला तेव्हा मुलगा लहान होता हे समजते. ‘ए.कु.’ म्हणजे एकत्र कुटुंब. येथे थोरल्या भावाचे एकट्याचे नाव असले तरी धाकटे भाऊ नव्हतेच, असा अर्थ काढता येत नाही.

या प्रवासात दोन ठिकाणी धागा तुटण्याचा संभव असतो. १९४७ च्या कायद्यान्वये एकत्रीकरण योजना राबविली गेली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकत्रीकरणाचे पत्रक पाहिल्याशिवाय जुना नंबर सापडत नाही. दुसरे ठिकाण कुळकायद्याचे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळांना जमिनीची मालकी मिळू लागली. पूर्वज कूळ असेल तर त्याआधीच्या दप्तरात मालकाच्या रकान्यात त्याचे नाव नसते. ते पीकपाहणीत व कुळांच्या नोंदवहीत शोधावे लागते.

१९०३ च्या मागे गेल्यावर मूळ मोजणीचे कागद लागतात. दख्खनमध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांची पाहणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि तीस वर्षांच्या मुदतीने सारा ठरविण्यात आला. शेतवार पत्रकांत खातेदाराचे नाव ‘अमुक बिन तमुक’ असे येते. येथील ‘बिन’ म्हणजे पुत्र. आडनाव पुष्कळदा नसतेच. त्याही मागे पेशवाईतील गावकागद आहेत. कुळझाड्यांत रयतेची नावे, तर थळझाड्यांत मिरासी जमिनीची थळे दिलेली असतात. ज्या घराण्याचा वंश संपला त्याच्या जमिनीपुढे ‘गतकुळ’ असा शब्द येतो. एका शब्दात एका घराचा शेवट नोंदविणारे हे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात शेकडो रुमालांत आहेत.

कर्जाचे कागद हे आणखी एक साधन होय. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे रोखे ग्रामनिबंधकासमोर नोंदविण्याची तरतूद केली. ज्या घराचा उल्लेख अन्यत्र कोठेही नाही, त्या घरातील लग्न, बैल किंवा बियाणे यांसाठी काढलेले कर्ज अशा कागदांतून समोर येऊ शकते. जुन्या कागदांवर निरक्षर माणसाच्या सहीच्या जागी व्यवसायाची निशाणी येते : शेतकऱ्याचा नांगर, स्त्रीची बांगडी. आपल्या खापरपणजोबांनी नांगर काढून दिलेली संमती पाहणे हा एक विलक्षण अनुभव असतो.

४. जमीन नसलेला पूर्वज

जमिनीचे दप्तर भूमिहीनाविषयी मौन पाळते. परंतु त्यालाही अपवाद आहेत. महार व इतर कनिष्ठ गावकामगार यांची वतने होती. १८७४ च्या वतन कायद्यानुसार ठेवलेल्या रजिस्टरांत तक्षिमा, पाळ्या व वारस यांची नोंद आढळते. ही वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली, आणि त्या वेळी झालेल्या जमिनीच्या फेरवाटपाच्या नोंदी वंशशोधास उपयुक्त ठरतात. ज्या वतनाने माणसाला वेठबिगारीत जखडून ठेवले, त्याच वतनाच्या कागदाने त्याच्या वंशाचा पुरावा राखला, हा इतिहासाचा विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे.

गाव सोडून गेलेल्या मजुराची कथा याहून वेगळी. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून अनेक मराठी भाषक करारबद्ध मजूर मॉरिशसला गेले. १८३४ पासून सर्व प्रांतांतून तेथे नेलेल्या भारतीय मजुरांची संख्या पाच लाखांच्या जवळपास होती. प्रत्येकाला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची व अंगावरील खुणा यांची नोंद होई. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केले आहे. बापाचे किंवा स्वतःचे नाव पुढील पिढ्यांचे आडनाव बनल्यामुळे तेथील मराठी कुटुंबांत आजही आपल्याकडील पहिली नावे आडनावे म्हणून आढळतात. जो मजूर आपल्या गावच्या दप्तरात ओळीपुरताही नव्हता, त्याची उंची व चेहरा समुद्रापलीकडे नोंदविला गेला, कारण पळून गेलेल्या मजुराला ओळखून काढणे मळेवाल्यांना व सरकारला आवश्यक होते. दप्तर माणसाची आठवण म्हणून लिहिले जात नाही. गरज म्हणून लिहिले जाते. म्हणूनच नोंद वाचताना ती गरज कोणाची होती, हे प्रथम विचारले पाहिजे.

५. जन्म, मृत्यू आणि यात्रा

जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना १४. हिला लोक ‘कोतवाल बुक’ असेही म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम लागू होण्यापूर्वी खेड्यांत हाच मुख्य आधार होता. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव अनेकदा नसते, कारण खबर बारशाच्या आधी जाई. तेथे केवळ बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. मृत्यूच्या नोंदीतील वय पाच-दहाच्या पटीत असते. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी असे ढोबळ शब्द येतात. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग, १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ हे संदर्भ माहीत असले, तर एकाच घरातील आठवड्याभरातील तीन मृत्यूंचा अर्थ लागतो. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत ‘ताप’ या शब्दाखाली काय दडले असेल, हे सांगावे लागत नाही.

इंग्लंडमधील वंशशोधकाला जनगणनेची कुटुंबवार पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात. १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक माहिती पाहता येत नाही, तसेच ती पुरावा म्हणून ग्राह्यही धरली जात नाही. परदेशी मार्गदर्शिका जशाच्या तशा येथे लागू पडत नाहीत, त्याचे हे एक कारण होय.

ही उणीव काही प्रमाणात तीर्थक्षेत्रे भरून काढतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्ये गाव व आडनाव यांनुसार यजमानांच्या वह्या ठेवतात. यात्रेकरू स्वतः, बरोबरचे नातलग व मागील पिढ्यांची नावे सांगतो आणि जमल्यास सही करतो. पूर्वज श्राद्धासाठी आला असेल तर त्याने बाप, आजा व पणजा यांची नावे सांगितलेली असतात. म्हणजे एका भेटीत चार पिढ्या मिळतात. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात हेळवी समाजाचे लोक ठरावीक काळाने यजमानांच्या दारी येऊन त्यांच्या वंशावळी वाचून दाखवितात व नव्या जन्मांची भर घालतात. या दोन्ही साधनांत अलीकडील पिढ्या विश्वसनीय असतात. मूळ पुरुषाकडे जावे तसा दंतकथेचा अंश वाढू शकतो, हे लक्षात ठेवावे.

६. लिपी आणि कालगणना

विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या बहुतेक कागदांसाठी मोडीचे वाचन अनिवार्य आहे. मराठवाड्यात निजामी राजवटीमुळे उर्दूची भर पडते. तेथे १९५४-५५ चे खासरा पत्रक हा जुन्या व नव्या व्यवस्थेला जोडणारा महत्त्वाचा दुवा होय.

तारखांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. शकात ७८ किंवा ७९, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन मिळतो. शुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो व अरबी संख्याशब्दांत लिहिला जातो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे याच सनात झाले. हा हिशेब चुकला की बापाआधी मुलगा जन्मलेला दिसतो.

७. एक नाव, अनेक माणसे

वंशशोधातील सर्वांत मोठा धोका वाचनाचा नसून ओळखीचा आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा आहे. दोन चुलत भावांनी आपापल्या मुलाला एकाच आजोबांचे नाव दिले की गावात एकाच नावाचे दोघे होतात.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कुटुंबाच्या माहितीनुसार पूर्वज ‘रामा बिन लक्ष्मण’. मृत्यूच्या रजिस्टरात तो १९१८ मध्ये, वय ६०, असा सापडतो. म्हणजे जन्म १८५८ च्या आसपास. आता १८७० च्या मोजणीपत्रकात ‘रामा बिन लक्ष्मण’ हा खातेदार आढळला, तर शोध लागल्याचा आनंद होतो. परंतु हिशेबाने तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. येथे तीन शक्यता संभवतात : तो अज्ञान खातेदार असावा; मृत्यूच्या वेळचे वय अंदाजाने कमी लिहिले गेले असावे; किंवा हा दुसराच रामा असावा. पालनकर्त्याचा उल्लेख आहे काय, तोच सर्व्हे नंबर पुढे १९१८ नंतरच्या वारसनोंदीत आला आहे काय, आणि शेजारच्या खात्यांत त्याच्या भावांची नावे आहेत काय, हे पाहिल्यावाचून निर्णय देता येत नाही. गाव, जमीन, भाऊ व काळ या चारपैकी निदान तीन गोष्टी जुळल्या, तरच ओळख निश्चित मानावी. एरवी ‘संभाव्य’ असे स्पष्ट लिहावे.

जेथे लाभ गुंतलेला असतो, तेथे ही शिस्त अधिक काटेकोर हवी. दप्तरात नाव नाही म्हणून माणूस नव्हता असे होत नाही; तसेच नाव आहे म्हणून तो आपलाच असेही होत नाही. पहिल्या चुकीने गरजू कुटुंबावर अन्याय होतो, दुसरीने दुसऱ्या कोणाच्या तरी हक्काला बाध येतो.

८. वंशावळीतील रिक्त स्थाने

येथवरच्या सर्व साधनांत स्त्री जवळजवळ अदृश्य आहे. लग्नानंतर तिचे आडनाव बदले, मधले नाव बदले, पुष्कळदा पहिले नावही बदले. जुन्या कागदांत ती ‘अमुक कोम तमुक’, म्हणजे अमक्याची बायको, एवढ्यापुरती येते. विधवा झाल्यावर फेरफारात तिचे नाव काही वर्षे राहते आणि मुलगा सज्ञान होताच नाहीसे होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारसनोंदीत येऊ लागली. परंतु त्याच नोंदींखाली त्यांची हक्कसोडपत्रेही येतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः समान सहदायिकत्व दिले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केले. त्यामुळे भविष्यातील वंशशोधकाचे काम सुकर होईल. मागील पिढ्यांतील पणजीसाठी मात्र आपल्याला माहेरच्या गावचे दप्तर, मामांच्या घरची आठवण आणि जात्यावरच्या ओव्यांतील माहेरचे उल्लेख यांवरच अवलंबून राहावे लागते. वंशवृक्ष काढताना तिच्या जागी रेघ न ओढता रिकामी चौकट ठेवावी. ती चौकट हाही एक निष्कर्षच असतो.

९. निष्कर्ष

(१) सामान्य पूर्वजाचा चरित्रपट कोणत्याही एका कागदात नसतो. निरनिराळ्या हेतूंनी झालेल्या नोंदींच्या जोडणीतून तो उभा राहतो.
(२) प्रत्येक नोंदीची विश्वसनीयता तिच्या हेतूवर अवलंबून असते. सारा वसूल करणारे दप्तर जमिनीविषयी नेमके, तर वयाविषयी बेफिकीर असते.
(३) नावाचे साम्य हा शोधाचा प्रारंभ आहे, सिद्धता नव्हे.
(४) भूमिहीन व स्त्रिया यांच्याविषयीचे दप्तराचे मौन वंशावळीत स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

महाविद्यालयांनी या क्षेत्रात पुष्कळ करण्यासारखे आहे. ई-अभिलेख योजनेतून जुन्या महसुली दप्तराच्या प्रतिमा उपलब्ध होऊ लागल्या आहेत. परंतु प्रतिमा दिसणे आणि ती वाचता येणे यांत मोडीचे अंतर आहे. इतिहास व मराठी विभागांनी मोडीचे वर्ग चालवून प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या घरातील एका पूर्वजाचा चार पिढ्यांपर्यंत शोध घेण्याचा प्रकल्प दिला, तर पुरावा म्हणजे काय हे त्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक चांगले समजेल. घरातील नव्वदीच्या आजीला प्रश्न विचारण्याचे काम मात्र त्याने प्रथम करावे. दप्तर आणखी काही वर्षे रुमालात थांबू शकेल. आजीची आठवण तेवढी थांबेलच, असे नाही.